मामांचं तेल आणि जीपचे ॲक्सल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या मामांचे. चिचगडहून बस चुकली की ते मला आपल्या जुन्या जीपमधून देवरीच्या कॉलेजात सोडत. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्या जीपमुळे. पुढे जीप मांडवात गंजत पडली, मामांचे गुडघे धरले. यंदा ते हटून बसले, "महाशिवरात्रीले आपल्या इकडच्या प्रतापगडच्या जत्रेले जाईन तं याच जीपनं. नाही तं घरीच बरा."

मी सुट्टी टाकून गेलो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. ते रीतीप्रमाणे पाया पडले आणि लगेच म्हणाले, "किती वाळला गा!"

मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं. खालचे ॲक्सल माझ्याकडे आले. दोन दिवस तारेच्या ब्रशनं घासून गंज काढला. लोखंड चकाकलं. जेवून येतो तर मामा त्यावर मोहाच्या बियांचं तेल चोळताहेत!

"मामा, आता रंग कसा बसणार?"

"काऊन? बैलगाडीच्या आसाले हेच तेल लावलं. चाळीस वर्षं टिकला."

"त्याला रंग कुठं होता?"

"मंग जीपले कायले पाहिजे? खाली वाकून कोण पाहून राहिला?"

पाया पडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मामा चौकात चहाला गेले, तेव्हा मी थिनरनं सगळं तेल पुसलं, लाल प्रायमर दिला, दुसऱ्या दिवशी वर काळा रंग. मामांना तो तेलाचाच तकाका वाटला.

महाशिवरात्रीला आम्ही जीपनंच प्रतापगडला पोचलो. तिथे मामांनी भेटेल त्याला खाली वाकायला लावलं. "पाहा गा, मोहाच्या तेलाची चमक!" मी मान हलवत राहिलो. परत येऊन जीप दोनदा धुतली आणि मगच नोकरीवर गेलो. तिथून हे पत्र टाकलं:

"तीर्थरूप मामांस,
जत्रेत मी खोटी मान हलवली. तुमचं तेल मी चोरून पुसलं होतं. पण स्प्रिंगच्या मागच्या सांदीत थिनर पोचलं नव्हतं. जीप धुतली तेव्हा तिथला रंग आंब्याच्या सालीसारखा निघून आला. आत लोखंड मात्र कोरं, गंजाचा ठिपका नाही. उन्हाळ्यात येतो. सांदीत तुम्ही तेल लावा, बाहेर मी रंग देतो. तोवर कोणाला वाकवू नका. आणि या वेळी पाया मी पडणार. रीत गेली खड्ड्यात.
तुमचा भाचा"