परत टाकलेलं मशीन

कीर्तीच्या पप्पांना कुणाला न्हाय म्हणताच येत न्हाय. शाळेत शिपाई, पगार दर महिन्याला खात्यात पडतो, म्हणून अख्ख्या शुक्रवार पेठेला वाटतं, कर्जाला जामीन पायजे तर दिपकरावाकडं जा. कुणाचा फ्रिज, कुणाची मोटारसायकल, कुणाच्या पोरीच्या लग्नातलं कपाट. वीस वर्षं मी कपाळ बडवून घेतीया, "अवो, आधी घरात विचारा की!" हे नुसतं हसणार आणि चष्मा शोधणार. चष्मा शोधायला लागले की मी समजून जायची, चालली आणखी एक सही.

औंदा कीर्तीचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायला पाचच दिवस. बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचा सिबिल पाचशे अठ्ठ्याण्णव आहे. इतक्या कमी स्कोअरवर आम्हाला कर्ज देता येत नाही."

मला काय कळंना. त्यांनीच समजावलं. कोण हप्ते भरतो, कोण चुकवतो, सगळ्याची नोंद असती म्हणं, आणि त्यावर माणसाला मार्क पडतात. शेजारी कीर्ती फाईल छातीशी धरून बसलेली. तिचं तोंड बघितलं आणि माझं डोकं फिरलं. "वाटा अजून सह्या पेठेला! आता बसू दे पोरगी घरात!" सगळी बँक बघत होती. ह्यांनी मान खाली घातली ती घातलीच.

मॅडमनी रिपोर्ट छापून काढला. मी म्हणलं, "ताई, कुणी बुडवलंय तेवढं सांगा. आत्ता त्याच्या दारात जाऊन उभी ऱ्हाते."

मॅडम एकेक नोंद वाचायच्या आणि हे सांगायचे कुणाचं ते. बिभीषणचा फ्रिज, फिटला. कुंडलिकची मोटारसायकल, फिटली. कपाट, टीव्ही, सगळं फिटलेलं. नऊच्या नऊ जणांनी पै न् पै भरली होती. मग दहावी नोंद आली.

"शिलाई मशीन. तीन हप्ते थकीत."

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मीच बोलले, "माझं हाय."

पिको-फॉलचं मशीन होतं ते, ह्यांच्या नावावर हप्त्यानं घेतलेलं. सात हप्ते भरले आणि ते सारखं धागा तोडायला लागलं. दुकानदार दुरुस्त करून देईना. मग मी तसली बाई हाय व्हय गप बसणारी? रिक्षात घातलं आणि त्याच्या दारात नेऊन टाकलं. "घे तुझं मशीन, आणि हप्ता इसर!" त्यानं गुपचूप आत ठेवून घेतलं. मिटलं म्हणून मी घरी आले, ह्यांना हप्त्याच्या खात्यात पैसे ठेवू दिले न्हाईत, आणि गल्लीभर फुशारकी मारली. पण पैसे दुकानदाराचे नव्हतेच, फायनान्स कंपनीचे होते. तिला आमच्या भांडणाचं काय?

"कंपनीचे फोन यायचे," हे हळूच म्हणाले. "भरू भरू म्हणलं, ऱ्हाऊन गेलं."

"मग मला बोलला का न्हाय?"

"तू लई खुशीत होतीस."

मला ह्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दंड-व्याजासकट सगळं भरलं आणि कर्ज फिटल्याचं पत्र हातात पडेपर्यंत कंपनीच्या दारातनं हलले न्हाय. पत्र घेऊन बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, "चांगलं केलंत. पण मार्क सुधारायला महिना-दीड महिना जाईल. तोवर दुसरा कुणी पगारदार नातेवाईक सही करेल का?"

तीन दिवस उरले होते. वळसंगला ह्यांचा पुतण्या ईश्वर शाळेत क्लार्क हाय. एसटीत मला धड बसवंना. ईश्वरच्या घरी हे शाळेचं बोलले, उन्हाचं बोलले, पण मागायचं तेवढं तोंडातनं निघंना. जलमभर दुसऱ्यांना सही दिलेला माणूस, मागायची सवय कुटं? शेवटी मीच बोलले. सगळं सांगितलं, मशीनसकट.

"काकी, त्यात काय? कुटं करायची सही?" ईश्वर उठला आणि चष्मा शोधायला लागला.

"अवो, आधी घरात विचारा की!" आतनं आवाज आला.

त्याची बायको वैजयंती हात पुसत बाहेर आली. तिच्या जागी मी असते तर मीबी हेच बोलले असते, वर आणखी चार शब्द सुनावले असते. पिशवीतनं ते पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्याच वाचलं. ओळ न् ओळ. उलटून मागची बाजूबी बघितली.

"आणखी कुटलं मशीन न्हाय ना, काकी?"

"न्हाय गं बाई. एकच होतं."

तिनं पत्र घडी घालून मला परत दिलं. ईश्वर अजून कोनाड्यात हात घालून चाचपत होता.

"तितं न्हाय," ती त्याला म्हणाली, "टीव्हीवर हाय तुमचा चष्मा."