शांताक्काचा गोठा

परवा कळंब्याजवळ कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. तो गोडसर धूर नाकात गेला आणि मला शांताक्काचा गोठा आठवला.

नेसरीजवळच्या आमच्या गावात तेव्हा आम्ही दहाजणांनी आग विझवायचं पथक काढलं होतं. तालुक्याहून बंब यायला तास लागायचा, म्हणून गावानं पेट्रोलवरचा पंप घेऊन माझ्याकडं सांभाळायला दिला. त्या दुपारी मी तो गुपचूप माझ्या उसाला पाणी पाजायला नेला होता. तेवढ्यात गोठा पेटला. मी धावत पोचलो तेव्हा माणसं घागरींनी पाणी मारत होती. आतली म्हैस ओरडायची थांबली होती.

“पंप कुठं हाय रं?” कुणीतरी ओरडलं.

मी तोंड उघडायच्या आत शांताक्काच म्हणाली, “बिघडला असंल. त्यो तरी काय करणार? पळत आलाय की बिचारा.”

“व्हय आक्का, बिघडलाय,” मी म्हणालो.

लाज आता वाटते. तेव्हा फक्त पकडलं जायची भीती होती. म्हणून त्या संध्याकाळी शेतात बसून मी चांगला चालता पंप खोलला आणि त्याचा प्लग विहिरीत टाकला.