चाकणजवळचा कोरडा भूमध्य समुद्र

जग बघायचं राहून गेलं. एक जग मात्र आम्ही स्वतःच बांधलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी चाकणच्या पुढच्या एका खेड्यात मी भूगोल शिकवायचो. शाळेच्या मैदानावर आम्ही सिमेंटचा भला मोठा नकाशा केला होता. खंडं उंच, समुद्र खोलगट. भूगोल दिनाला त्यात पाणी सोडायचं आणि काठावर बसून कविता म्हणायच्या. शाळा केव्हाच नव्या इमारतीत गेली. गेल्या आठवड्यात कळलं की सोमवारी जुन्या मैदानावर बुलडोझर फिरणार, तिथं गोदाम होणार. शनिवारी सकाळी मी रहाटणीहून निघालो.

त्या बाजूला जायचं असेल तर सातच्या आत नाशिक फाटा ओलांडा. मी उशीर केला. कासारवाडीहून बस मिळाली, पण मोशीला कंपन्यांच्या बसेसमध्ये अडकून पाऊण तास गेला. चाकण चौकातले पोहे चांगले, चहा मात्र पाक. पुढे शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाला लातूरकडचा होता. त्यानं विचारलं, "कुठली कंपनी काका? जर्मन का कोरियन?"

"शाळा."

"ती कुठल्या देशाची?"

मागचे दोघे हसले, मीही हसलो. इथं पत्ता देशावरूनच सांगतात.

उतरलो आणि ओळखीचं काही सापडेना. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच भिंती, मधून रस्ता. आतून यंत्रांची घरघर येत होती, पण माणूस एकही दिसत नव्हता. शाळेचं फाटक तेवढं उघडं होतं. भिंती पडलेल्या. आणि मैदानाच्या मध्यात, एप्रिलच्या त्या उन्हात, पॅसिफिक महासागर काठोकाठ भरलेला.

मी जागीच थांबलो. अटलांटिक भरलेला, हिंदी महासागर भरलेला. पाणी स्वच्छ, त्यावर एक पानसुद्धा नाही. अरबी समुद्रातून निघालेली ओल्या पावलांची रांग आफ्रिकेवरून उत्तरेला गेली होती. तापल्या सिमेंटवर ओल क्षणभर टिकत नाही, म्हणजे कोणीतरी आत्ताच गेलं होतं. पावलं भूमध्य समुद्राच्या काठाशी संपली होती. तो एकटा समुद्र कोरडा होता. तळ पांढरा, मिठासारखा.

त्या समुद्राची एक जुनी गोष्ट आहे. तो अटलांटिकला जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीनं जोडलेला, हे पाठ व्हावं म्हणून मी वर्गाला दोन ओळी करून दिल्या होत्या: 'भूमध्याचे दार चिमुकले, जिब्राल्टरशी किंचित उघडे'. पण नकाशाचं सिमेंट लावलं सोपानआप्पांनी. ते गावचे शेतकरी, जमीनही त्यांनीच शाळेला दिलेली. त्यांनी ते दार बोटभर बांध घालून बंद केलं. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, वाफा कधी उघडा ठेवत्यात व्हय गुरुजी? साहेब तपासणीला आले तेव्हा त्या बांधावरून मला बोलणी बसली. पुढे वाचलं की पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी ती खिंड खरोखरच बंद झाली होती आणि भूमध्य जवळजवळ आटला होता.

"गुरुजी न्हवं का?"

पत्र्याच्या भिंतीच्या सावलीत नळी घेऊन आप्पाच बसले होते. पार वाळलेले, अनवाणी. शेजारच्या बोअरचं पाणी ते रोज इथं सोडतात. मी दत्ताची चौकशी केली. त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी, बोटीवर खलाशी झाल्याचं ऐकलं होतं. आप्पांनी शांतपणे सांगितलं, की आठ वर्षांपूर्वी त्याची बोट बुडाली. बाकीचे सापडले, तो नाही. बोटीच्या कंपनीकडून आलेल्या कागदावर समुद्राचं नाव होतं, ते त्यांनी शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतलं आणि इथं येऊन शोधलं.

"म्हणून त्यो मी भरत न्हाई. तळ दिसला पायजे."



"सोमवारी मशीन येतंय," ते म्हणाले. "त्याच्या आधी एक सांगा. खरा समुद्र किती खोल हाय?"

खोटं सांगावंसं वाटलं. पण भूगोलाच्या प्रश्नाला मी कधी चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. म्हटलं, सगळीकडे सारखा नाही, पण अगदी खोल जागी पाच किलोमीटरच्या वर आहे.

आप्पांनी हिशेब केला. "म्हंजी हितनं हायवेपतूर."

"हो, साधारण तेवढंच."

"एवढंच व्हय?" त्यांचा चेहरा सैल झाला. "मग त्यो चालत यील की. लांब न्हाई."

खोली आणि अंतर यांतला फरक मी पाचवीच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. तिथं शिकवला नाही. आम्ही दोघं काठावर बसलो. कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला, सगळ्या महासागरांवर बारीक शहारा उठला. आप्पा मात्र तळाकडे बघत राहिले, एसटीची वाट बघावी तसे.

फोटो मागाल, तर एकही काढला नाही. आता तिथं सपाट मुरूम आहे. सोमवारी आप्पा फाटकात उभे होते, असं त्या लातूरकडच्या रिक्षावाल्यानं फोनवर कळवलं; परतताना त्याला मी नंबर दिला होता. मशीन फिरलं, तरी ते हलले नाहीत, हायवेकडे बघत होते म्हणे.

मी रोज सकाळी नदीकाठानं फिरायला जातो. जाऊन-येऊन पाच किलोमीटर भरतात. रस्ता सपाट आहे, पण हल्ली परतताना चढ लागल्यासारखा दम लागतो. मागून कोणी येत असेल तर त्याला वाट असावी, म्हणून मी कडेनं चालतो.