तारकर्लीची पडवी आणि बावीस मंजूर पानं

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या शाळेतल्या सामंतबाईंचा. मॅट्रिकनंतर मी शेती बघणार, हे घरात ठरून गेलं होतं. बाई कुडाळहून चालत आमच्या खळ्यात आल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि मुंबईच्या टीव्ही केंद्रात निर्मिती सहायक म्हणून लागलो. ती नोकरी पणाला लागली तारकर्लीला, एका पडवीत, सकाळी दहाच्या सुमारास.

"कट! कट!" देवधरसाहेब ओरडले. ते कार्यक्रमाचे निर्माते, म्हणजे माझे थेट वरिष्ठ. "हे काय चाललंय? शाळेचं गॅदरिंग?"

काय चाललं होतं ते सांगतो. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या डोक्यात एक कार्यक्रम होता, अर्धा घरगुती विनोदी मालिका आणि अर्धा मुलाखतीचा. मालवणी घरातला मुलगा पडवीत दोन खुर्च्या मांडून नामवंतांच्या मुलाखती घेतो. आईबाप घरातच असतात. ते मध्येच येतात, पाहुण्याला खायला घालतात, नको ते विचारतात. कुटुंब बनावट, पाहुणा मात्र खरा. असं तेव्हा कोणी केलेलं नव्हतं. पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, करायला परवानगी मिळाली होती.

पाहुणाही मोठा मिळाला होता. सिनेमातला गाजलेला खलनायक. त्याचं शूटिंग तिथल्याच किनाऱ्यावर होतं. साडेअकरापर्यंत तो आमचा, पुढे नाही.

मुलगा झालेला निवेदक मुंबईचा होता. आईबाप मात्र मी दशावतारातले आणले होते. बाप म्हणजे तात्या, एरवी राजा होणारा. आई म्हणजे बाबीकाका. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. बाबीकाका नऊवारी नेसून पदर सारखा करत आले, तेव्हा ज्यांचं घर होतं त्या वहिनीही त्यांना बाईमाणूस समजून "बसा गो" म्हणाल्या.

चूक माझी झाली होती. केंद्राचा नियम असा, की जे बोललं जाणार ते आधी कागदावर हवं आणि कागद आधी मंजूर हवा. मी शुद्ध मराठीत बावीस पानं लिहिली. प्रत्येक पानावर शिक्का मारून घेतला आणि आठ दिवस आधी दोघांना पाठवली. दशावतारी नटाला संहिता नसते, हे लहानपणापासून बघत आलेला मी साफ विसरलो. कंपनीचा मालक रंगपटात आख्यान सांगतो. कोण आधी येणार, भांडण कशावरून, मरणार कोण. पुढचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतात.

त्या दिवशी तीन टेक वाया गेले. चार चार तास बोलूनही आवाज न बसणारे तात्या "आपले आमच्या घरी स्वागत असो" यावर अडखळत होते. पाहुणा घड्याळ बघत होता.

"भाऊ," बाबीकाका मला हळूच म्हणाले, "ह्या कागदान माझी जीभ बांधून घातल्यान."

साहेबांनी मला माडाखाली नेलं. "आईबाप काढून टाक. सरळ मुलाखत घेऊ."

"मग कार्यक्रमात उरलं काय?"

"तुझी नोकरी उरेल. पुढच्या महिन्यात कन्फर्मेशन आहे ना?"

होतं. घरी दर महिन्याला वाट बघणारी माणसंही होती. तरी मी म्हणालो, "वीस मिनिटं द्या. स्क्रिप्टशिवाय घेतो."

"नामंजूर एक शब्द रेकॉर्ड झाला तर मी तुला वाचवणार नाही."

"लेखी देतो."

बाविसाव्या पानाच्या मागे मी लिहिलं, 'आजच्या सर्व संवादांची जबाबदारी माझी.' खाली सही केली. साहेबांनी कागद घडी करून खिशात टाकला.

मी दोघांना विहिरीकडे नेलं, त्यांच्या हातातली पानं काढून घेतली आणि मालकासारखं आख्यान सांगितलं. "आज घराक पावणो इलो हा. सिनेमातलो. दर सिनेमात मरता. तुमचो झील त्याका मोठे मोठे प्रश्न विचारतलो. तुमका काय विचारूचा आसा, ता तुमी विचारा."

"आणि शेवट?" तात्यांनी विचारलं.

"माका म्हायत नाय."

"असां आधी सांगूक नको?" बाबीकाकांनी पदर खोचला. "आठ दिस माझो जीव खाल्लंस!"

कॅमेरामनला सांगितलं, वीस मिनिटांची कॅसेट संपेपर्यंत थांबायचं नाही.

निवेदकाने पहिला प्रश्न विचारला, "अभिनयाची प्रेरणा कुठून मिळाली?" पाहुणा तोंडपाठ उत्तर देऊ लागला. तेवढ्यात तात्या येऊन त्याला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "सिनेमात लय उंच दिसतस रे." पाहुणा खो खो हसला. मग घावणे घेऊन बाबीकाका आले. ताटली त्याच्या हातात दिली, समोर बसले.

"खा. पोरा, एक विचारू? दर सिनेमात मार खातस, शेवटाक मरतस. तुझी आवस बघता काय रे ता?"

निवेदकाने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न बावीस पानांत कुठेही नव्हता.

पाहुण्याने ताटली मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "नाही. मध्यंतरानंतर आई बाहेर जाऊन बाकावर बसते. माझा एकही सिनेमा तिने शेवटपर्यंत पाहिलेला नाही."

"मग तिका जाऊन सांग, मी जितो आसय," बाबीकाका म्हणाले. "आणि खा आता. थंड झाले."

पाहुण्याने डोळे पुसले आणि घावणा खाल्ला. साडेअकराला त्याची गाडी आली, ती त्याने अर्धा तास थांबवली.

मुंबईत केंद्राच्या मंजुरी समितीने टेप पाहिली. निकाल असा, की मुलाखत उत्तम, पण आईची भाषा गावंढळ आणि आवाज पुरुषी. रेडिओवरच्या एखाद्या बाईंकडून शुद्ध मराठीत डब करून घ्या.

मी उभा राहिलो. "मी जबाबदारी त्या आवाजाची घेतली आहे. आवाज बदलणार असाल तर माझं नाव काढा."

"तुम्ही नोकरीत कायम आहात का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

देवधरसाहेबांनी खिशातून माझा कागद काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "जबाबदारी याने लेखी घेतली आहे. मग आपल्याला भीती कसली?"

भाग जसा होता तसा लागला. मालिका मात्र मंजूर झाली नाही. नामंजूर संवादांबद्दल मला मेमो मिळाला आणि कन्फर्मेशन सहा महिने लांबलं. पुढे नोकरीभर मी एक धडा पाळला. ज्याला कागदाशिवाय बोलता येतं, त्याच्या हातात कागद देऊ नये. तो साहेबाच्या हातात द्यावा.

मेमो मिळाला त्याच आठवड्यात बाईंना पत्र टाकलं.

'आदरणीय बाईंस, साष्टांग नमस्कार.

माझा कार्यक्रम झाला. तिकडे आमचं केंद्र दिसत नाही, म्हणून कॅसेट घेऊन रविवारी येतो. कुडाळात व्हीसीआर मिळेल. शाळेचा हॉल मागून ठेवाल का? तात्यांना आणि बाबीकाकांना निरोप द्या. त्यांनी स्वतःला अजून पाहिलेलं नाही.

मला इथे माफीपत्र लिहायला सांगितलं आहे. तीनदा बसलो. तुम्ही शिकवलं तसं सुरुवातीला मुद्दे काढले. एकही मुद्दा निघाला नाही, तेव्हा कागद कोराच परत दिला.

आपला विद्यार्थी'