खाटेपासून खिडकीपर्यंत

विद्यावती बेटावरच्या लॉंग माउंटन गावातल्या ऊसमजुराची मुलगी. सरकारी हॉस्पिटलात ती नर्स झाली, तेव्हा घरच्यांना तिचा फार अभिमान वाटला. पण १९५८ साली एक गोष्ट घडली. सत्यदेव नावाच्या हृदयरोगी शिक्षकाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं आणि तो तिथेच गेला. तिची चूक नव्हती, असं सगळेच म्हणाले. तरी त्यानंतर कुठल्याही हृदयरोग्याला उठवायची वेळ आली की तिचे तळवे गार पडत.

तीन वर्षांनी बाबूराव वॉर्डात आले. रिव्हिएर दू रांपार गावात त्यांचा भाजीचा मळा होता. टोमॅटोला पाणी घालताना छातीत कळ येऊन ते कोसळले होते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे चार आठवडे त्यांना उताणं झोपवून ठेवलं. पाचव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "आता चालवा यांना."

बाबूराव हलेनात. शिंक आली तरी दाबून धरत. हात उचलायला नको म्हणून बायकोच्या, बसंतीच्या हातून जेवत आणि तिच्याशी शब्दही बोलत नसत. विद्यावती रोज सकाळी म्हणे, "बरं काका, उद्या उठू." त्यांनी नकार दिला की तिलाच सुटल्यासारखं होई. हे तिला कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

एका दुपारी बसंतीने तिला व्हरांड्यात गाठलं. "मिस, मानूस वाचला म्हनतात. मग माज्याशी बोलत का नाय? मी काय केलं?"

विद्यावती आत गेली आणि बाबूरावांच्या खाटेशी स्टूल ओढून बसली.

"काका, तुम्हाला भ्या वाटतं. मला पन वाटतं." आणि तिने सत्यदेवची गोष्ट सांगून टाकली.

बाबूरावांचा चेहरा उतरला. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तो येकटाच व्हता?"

"नाय. त्याचा हात माज्या हातात व्हता."

त्यांनी आपला हात पुढे केला. मग म्हणाले, "उठव मला. पन दुसमां दुसमां, हळूहळू."

तीन पावलांवर ते थबकले. "मिस, धडधडतंय!" त्यांच्या कपाळावर घाम होता. तिने नाडी धरली. जलद होती, पण ठोका चुकत नव्हता. परत फिरावं? तिचं तिलाच ठरवायचं होतं. तिने आपलं मनगट पुढे केलं. "माजी बगा."

त्यांनी बोटं टेकवली, ओठ हलवत ठोके मोजले. "तुजी तर जास्त पळतीय गो!"

बसंती दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "ये, दुसरा हात तू धर." पाच आठवड्यांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले होते. तिघं खिडकीपर्यंत गेली.

बारा दिवसांनी बाबूराव घरी गेले. विद्यावतीने मेट्रनशी भांडून एक परवानगी मिळवली: हृदयरोग्याला घरी सोडण्याआधी त्याला आणि त्याच्या घरच्यांना घेऊन अर्धा तास बसायचं, आणि कसली भीती वाटते ते विचारायचं. पुष्कळजण रडत. काहीजण चिडत. पुढची कित्येक वर्षं ती हे करत राहिली. रोग्याचा हात धरून पहिलं पाऊल टाकताना तिची छाती मात्र शेवटपर्यंत धडधडायची.