खराटा आणि परसाचा उतार

आमचं वारज्याचं घर टेकडीच्या अंगावर होतं. पुढचं दार रस्त्यावर, आणि मागचं परस इतकं उताराचं की हातातून सुटलेला तांब्या थेट खालच्या मावशींच्या घरामागे जाऊन थांबायचा. मावशी मूळ गावातल्या, शेतकरी घरातल्या.

वडील खडकीला कारखान्यात होते. कामगारांच्या पत्रकांच्या घड्या आमच्या स्वयंपाकघरात घातल्या जात. मी अक्षरं त्यांवरच शिकले. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जाई. त्या पावसाळ्यात मावशींच्या मागच्या भिंतीशी गुडघाभर चिखल साचला आणि भिंत ओलीने फुगली. आतून तिला लागूनच त्यांच्या बाळंतीण सुनेची खाट होती. आमच्या वरच्या अंगाला एक बिल्डर टेकडी फोडत होता. मी एका दमात त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि पहिली सही घ्यायला मावशींकडे गेले.

त्यांनी ते सगळं वाचून दाखवायला लावलं. सही न करता मला घरामागे नेलं, चिखलात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली.

"बिल्डरचा मुरूम पिवळा. तो पलीकडच्या ओढ्याला जातोय. ही काळी माती हाय, तुझ्या आईच्या मोगऱ्याची."

त्या मातीत उदबत्तीच्या काड्या होत्या. आमच्या चहाची पत्ती होती.

"पत्रकात खराट्याचं नाव राहिलं की गं."

आई रोज सकाळी तो उतार वरपासून खालपर्यंत झाडायची. एकदा साप निघाल्यापासून गवताची काडी ठेवत नव्हती. पाहुणे परसाचं कौतुक करत आणि आम्ही ते ऐकून घेत असू. दर सकाळी थोडी माती सैल होत होती आणि दर पावसात ती खाली जात होती. आई स्वतः तिथे घसरून हात मुरगळून बसली, तेव्हाही आम्ही शेवाळाला दोष दिला होता.

तासभर मला मावशींचाच राग आला. मग मी पत्रकं कपाटात ठेवली. फाडली नाहीत, टेकडी फोडणं चूकच होतं. पण आमची माती त्यांच्या भिंतीला टेकलेली असताना पत्रकं वाटायचा मला अधिकार नव्हता.

खाट त्याच दिवशी पुढच्या खोलीत नेली. भिंतीजवळचा चिखल वडिलांनी आणि मी घमेल्यांनी उपसला. माती धरून ठेवायला उतारावर गवत वाढू द्या, असं मावशी म्हणाल्या. आईला मात्र ते नको होतं.

"साप निघाला तर त्याला पत्रक वाचून दाखवणार आहेस का?"

मग आम्ही तोडगा काढला. मधोमध दगडी पायऱ्या, त्यांना नळाच्या पाइपचा कठडा, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा. तेवढं आईने झाडायचं. बाकीच्या उताराला खराटा लावायचा नाही. उघाडीच्या दोन रविवारी आम्ही उताराला आडव्या, सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांच्या तीन ओळी घातल्या. मावशी त्यांना ताली म्हणत. खालून उभ्या राहून त्या हुकूम सोडत: दगड उताराकडे नाही, डोंगराकडे कललेला हवा, फटी बुजवू नका, पाण्याला जाऊ द्या. वडील आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं निमूट ऐकत होते. ओळींमध्ये मावशींनी दिलेले मारवेल गवताचे ठोंब लावले.

त्यानंतरच्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन मावशींच्या भिंतीमागे उभी राहिले. दगडांच्या फटींतून पाणी येत होतं, गढूळ पण पातळ. माती तालींच्या मागेच बसत होती. सगळ्यात खालच्या ओळीतला एक दगड सुटला. तो मी पुन्हा बसवला आणि पाऊस थांबेपर्यंत तिथून हलले नाही.

भिंत सुकल्यावर खाट जागेवर गेली. मी कपाटातली पत्रकं काढली आणि प्रत्येक प्रतीच्या तळाशी पेनाने लिहिलं: 'आमच्या परसातली माती आम्ही अडवली आहे. आता तुमची अडवा.'

मावशींनी तेही वाचून घेतलं. मग पेन मागितलं.