ताळाकाकू

उत्तर बरोबर आलं याचं ताळाकाकूंना कधी कौतुक नव्हतं. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरी क्वार्टर्समधली आम्ही पोरं वही ऐटीत पुढे धरायचो, आणि काकू चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "आलं ते दिसलं. ताळा घेतला का?" त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं.

बेरीज-वजाबाकीची परीक्षा आली की सगळी फौज त्यांच्या व्हरांड्यात. सांबाराच्या चिंचेतले चिंचोके धुऊन त्या डब्यात साठवायच्या. तेरातून पाच काढायचे, ते काकूंच्या तळहातावर ठेवायचे, उरलेले मोजायचे. मग हातावरचे परत मिळवायचे. तेरा भरले तरच वजाबाकी खरी. शेजारच्या सेल्वमने एकदा काढलेले चिंचोके अंगणात भिरकावले. काकू अर्ध्या तमिळमध्ये कडाडल्या, "डेय! वजा केलेलं टाकायचं नाही. वेचून आण!"

"आई, चिंचोकेच आहेत ते!" वसुधा हसत सुटली. काकूंची एकुलती एक वसुधा माझ्याच वर्गात होती.

"असेनात. गेले कुठे ते ठाऊक नको?"

माझे वडील फॅक्टरीत हेल्पर, आई अंगठा उठवणारी. त्या घरातून मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले, हे मी मान वर करून सांगते. आणि सुरुवात त्या व्हरांड्यात झाली, हेही सांगते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर वसुधा डेंग्यूने गेली. काकूंची शिकवणी थांबली, बोलणंही थांबल्यासारखंच.

माझी यामिनी यंदा दुसरीत आहे. वजाबाकी म्हटलं की रडायची. या परीक्षेत जमलं नाही तर कच्च्या मुलांच्या तुकडीत घालू, असा शाळेचा निरोप आला. मी तिला काकूंकडे नेलं. पोरीला गणित येईल आणि काकू दोन शब्द बोलतील, एवढीच आशा.

काकूंनी डबा काढला. माझा जीव भांड्यात पडला. यामिनीने पंधरातून सहा काढले. "नऊ, पाट्टी!" आजीला ती तमिळ पोरांसारखं पाट्टीच म्हणते. मी घरी शिकवलं होतं तसे सहा चिंचोके ती काकूंच्या हातावर ठेवायला गेली. काकूंनी मूठ मिटली.

"हात उघडा ना, पाट्टी. ताळा घ्यायचाय."

"नको, बाळ. गेलं ते गेलं. टाक बाहेर."

"काकू, असं काय करता?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली आहेस ना? मग तू घेऊन दाखव ताळा."

यामिनीने एकेक चिंचोका व्हरांड्याबाहेर टाकला. काकू ते पडताना बघत राहिल्या.

पेपर घरी आला. निम्म्या वजाबाक्या चुकल्या होत्या. ताळा घेतला असता तर तिच्याच लक्षात आलं असतं. मी तडकून विचारलं, "ताळा का नाही घेतलास?"

"पाट्टी नको म्हणाल्या," ती म्हणाली. "गेलं ते गेलं."

मी खाली सही केली. यामिनी आता कच्च्या तुकडीत बसते. काकूंच्या व्हरांड्यासमोर ते चिंचोके अजून तसेच पडलेत. वेचायला माझा हात होत नाही.